एकलहऱ्याचे धुराडे, माडबनचा सडा

महाराष्ट्रात विजेच्या प्रश्नावर दोन लढे वर्षानुवर्षे चालू आहेत आणि त्यांची एकमेकांशी कधी गाठ पडलेली नाही. पहिला नाशिकच्या वेशीवरचा. एकलहरे औष्णिक वीज केंद्रातले जुने संच मोडीत निघू लागले, तसे कामगार, प्रकल्पग्रस्त, आसपासच्या गावांचे कारभारी आणि सर्वपक्षीय पुढारी एकाच मागणीवर एकत्र आले : कोळशावर चालणारा ६६० मेगावॉटचा नवा संच इथेच उभारा. दुसरा लढा रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातला. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल ही गावे आणि साखरी नाट्याचे मच्छीमार सांगत आले, की ९,९०० मेगावॉटचा अणुऊर्जा प्रकल्प आमच्या दारात नको.

हवामानबदलाच्या अंगाने पाहिले तर सगळे उलटेच दिसते. ज्या विजेतून सर्वाधिक कार्बन बाहेर पडतो ती नाशिककर मागून घेतात आणि जिच्यातून जवळपास काहीच बाहेर पडत नाही ती कोकणी माणूस परतवून लावतो. यावरून दोन्हीकडची माणसे अडाणी किंवा कुणाच्या तरी चिथावणीने चालणारी, असा निकाल देऊन मोकळे होणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात दोन्हीकडचा हिशेब पक्का आहे. फक्त त्या हिशेबात कार्बनचा रकाना नाही, कारण तो त्यांच्यासमोर बसून कोणी मांडलाच नाही. अणुऊर्जेवरचा आपल्याकडचा वाद समजून घ्यायचा तर आधी हे दोन हिशेब वाचायला हवेत.

धुराड्याच्या सावलीतली पोटे

नाशिकरोड सोडून सामनगावकडे निघाले की उसाच्या आणि भाजीपाल्याच्या शेतांवरून एकलहऱ्याची धुराडी दिसू लागतात. १९७० आणि १९७१ मध्ये इथे १४० मेगावॉटचे दोन संच सुरू झाले. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे आणखी तीन आले. पहिले दोन केव्हाच निवृत्त झाले. उरलेल्या तिघांची मिळून क्षमता ६३० मेगावॉट, आणि तेही चाळिशी उलटलेले.

हे केंद्र पूर्ण ताकदीने चालले तर तासाला सव्वासहा लाखांहून जास्त युनिट वीज देते. एका युनिटला साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा लागतो असे धरले, तर दिवसाला दहा-अकरा हजार टन, म्हणजे रेल्वेच्या दोन-तीन मालगाड्या रोज रिकाम्या व्हायला हव्यात. हा कोळसा विदर्भातल्या खाणींतून सहा-सातशे किलोमीटरचा प्रवास करून येतो. त्यातला तिसरा हिस्सा जळून राखच होणार असतो. म्हणजे भाडे भरून आपण राखही वाहून आणतो. ती राख पाण्यात कालवून नळांवाटे बंधाऱ्यात सोडली जाते. उन्हाळ्यात बंधारा वरून वाळतो, वारा सुटतो आणि ती पांढुरकी भुकटी उडून पिकांच्या पानांवर आणि दोरीवरच्या कपड्यांवर बसते. आणि तासाला सुमारे सहाशे टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, जो कुणाला दिसत नाही आणि कुणाच्या कपड्यांवर बसत नाही.

राखेचा जाच सोसणारी गावे तरीही नवा संच का मागतात? कारण विजेच्या घाऊक बाजारात एकलहऱ्याचा नंबर मागे लागला आहे. महावितरण वीज घेते ती 'मेरिट ऑर्डर डिस्पॅच' पद्धतीने : ज्याचा चालू खर्च कमी त्याची वीज आधी, महागाची शेवटी. खाणीच्या तोंडाशी बसलेल्या विदर्भातल्या केंद्रांपुढे मालगाडीचे भाडे भरणारे एकलहरे महाग पडते. मग संच कमी भाराने चालवा, मागणी उतरली की बंद ठेवा, असे सुरू होते. संच बंद म्हणजे कंत्राटी कामगाराचा हजेरीपट बंद, राखेच्या विटा पाडणाऱ्याचा माल बंद, ट्रकवाल्याच्या खेपा बंद, चहाच्या टपरीचा गल्ला बंद. ज्यांच्या आज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी जमिनी दिल्या, त्यांच्या नातवंडांना अजून प्रकल्पग्रस्ताचा दाखला हाताशी धरून नोकरीची वाट पाहावी लागते. प्रकल्पच उठला तर त्या दाखल्याची किंमत किती? ६६० मेगावॉटच्या मागणीमागे कोळशाचे प्रेम नाही, हा दाखला आहे.

याच जिल्ह्यात कोळशाचे दुसरे टोकही पाहायला मिळते. सिन्नरजवळ गुळवंच-मुसळगावच्या माळावर २७० मेगावॉटचे पाच संच, एकूण १,३५० मेगावॉट, खासगी कंपनीने उभे केले. त्यासाठी जमिनी घेतल्या, रेल्वेमार्ग आखला, नाशिकच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पाणी द्यायचे ठरले; गोदावरीचे पाणी शेतीचे की विजेचे, यावर न्यायालयापर्यंत भांडण गेले. सगळे झाले आणि वीजखरेदीचा करारच झाला नाही. वर्षानुवर्षे केंद्र थंड पडून राहिले आणि २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. एकीकडे चालणाऱ्या केंद्राला कोळसा महाग, दुसरीकडे नव्या केंद्राला गिऱ्हाईकच मिळाले नाही. दोन्हींच्या मधल्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यातला शेतकरी मात्र विचारतो, आज लाईट दिवसाची की रात्रीची?

आणि तिकडे नागपूरजवळ कोराडीला ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा नागपूरच्या पर्यावरण कार्यकर्त्यांनी जोरदार विरोध केला. नागपूरला जे नको, ते नाशिकला हवे. राज्य एक, सरकारी कंपनी एक, कोळसाही तोच.

द्राक्षाच्या घडातला तापमापक

नाशिक जिल्ह्यात हवामानबदल हा परिसंवादाचा विषय नाही, तो फवारणीच्या खर्चाचा विषय आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड, सटाणा या पट्ट्यात फळासाठीची गोडी छाटणी झाली की पुढचे चार महिने माणूस आभाळाकडे पाहत जगतो. फुलोऱ्यात पाऊस झाला तर घड कुजतात आणि फुले गळतात. दमट हवा चार दिवस टिकली तर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, मग भुरी. मणी पाण्यावर आल्यावर, साखर भरत असताना पाऊस पडला तर मणी तडकतात. आणि तडकलेल्या मण्याच्या घडाला निर्यातीत जागा नाही, बेदाण्यालाही तो नीट चालत नाही.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथे कुणी विसरलेले नाही. २०१९ मध्ये क्यार आणि महा या चक्रीवादळांच्या मागे लागलेल्या पावसाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात आगाप छाटणीच्या बागा झोपवल्या. २६ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी निफाड परिसरात पुन्हा गारांचा सडा पडला. यातली प्रत्येक गारपीट हवामानबदलामुळेच झाली, असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. गारपिटीचे गणित अजून अवघड आहे. पण अरबी समुद्राबद्दल ते ठामपणे बोलतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले, की १९८२ नंतरच्या चार दशकांत अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापला की वाफ वाढते; हवा एका अंशाने तापली तर ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. ते बाष्प कुठे तरी उतरणारच, आणि उतरताना ते छाटणीची तारीख विचारत नाही.

थंडीचाही असाच त्रास. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा डिसेंबर-जानेवारीत खाली घसरला की बातमी होते. शहरातला माणूस ती स्वेटर काढायचा म्हणून वाचतो. बागायतदाराची मात्र त्या रात्री झोप उडते. पहाटे तीन-चारच्या सुमारास बागेच्या बांधावर पाचट, काटक्या, जुने टायर पेटवून धूर केला जातो आणि ठिबकने पाणी सोडले जाते, म्हणजे जमीन ऊब धरते आणि मणी फुटत नाहीत. त्यासाठी पंप चालायला हवा. पंपाला थ्री फेज हवी. आणि शेतीच्या विजेची नेमकी त्या आठवड्यात दिवसाची पाळी असली तर पहाटे लाईट नसते. रात्रीची पाळी असली तर लाईट असते, पण उसातला बिबट्याही बांधावर असतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने लावलेली गाणी, अशा थाटात स्टार्टरपर्यंत जाणे हे इथल्या रात्रपाळीचे रोजचे चित्र.

हे मुद्दाम सविस्तर सांगितले, कारण ऊर्जेच्या वादातला सर्वांत कळीचा तांत्रिक प्रश्न या पहाटेत दडला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून १६,००० मेगावॉट सौर क्षमता उभी करून शेतीचे फीडर दिवसा चालवायचे, असा राज्याचा बेत आहे. तो चांगलाच आहे. दिवसा पाणी भरता येणे हे शेतकऱ्याचे जुने मागणे आणि बिबट्यापासून सुटका. पण पहाटे चारला सूर्य नसतो. हवामान बिघडते तसतशी अवेळी विजेची गरज वाढते. चोवीस तास एकसारखी मिळणारी आणि धूर न काढणारी वीज कुठून आणायची, असे विचारले की अणुभट्टीवाले बोट वर करतात. तो दावा झटकून टाकण्याइतका हलका नाही.

माडबनचा सडा

आता कोकणात जाऊ. माडबनचा सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. सरकारी कागदांत तो पडीक. पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुले येतात, गुरे चरतात, कातळ फोडून लावलेली हापूसची कलमे कडेने उभी असतात. खाली समुद्र, जैतापूरची खाडी आणि साखरी नाट्याचे बंदर. ९३८ हेक्टर जमीन आणि प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या. पूर्ण झाला असता तर एका जागेवरचा जगातला सर्वांत मोठा अणुवीज प्रकल्प.

१६ मे २०१० ला जनसुनावणी झाली. पर्यावरणीय आघाताचा अहवाल बहुतेक गावांत मराठीतून वेळेवर पोचलाच नव्हता, ही तेव्हापासूनची तक्रार. २८ नोव्हेंबर २०१० ला तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ३५ अटींसह मंजुरी दिली आणि आठवडाभरात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत आले, करार झाले. इतकी घाई पाहून गावकऱ्यांनी काय ओळखायचे ते ओळखले. जमिनीचे धनादेश बहुतेकांनी परत धाडले.

मग ११ मार्च २०११ ला जपानमध्ये त्सुनामी आली आणि फुकुशिमाच्या अणुभट्ट्या वितळल्या. ज्याला सरकारी तज्ज्ञ अशक्य म्हणत होते, ते घराघरातल्या टीव्हीवर दिसले. १८ एप्रिलला नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मेला. त्याच आठवड्यात तारापूरहून जैतापूरकडे निघालेली अणुविरोधी यात्रा पोलिसांनी वाटेत अडवली. निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत, माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास यांच्यासारखी माणसे या लढ्यात उभी होती. शिवसेनेने त्यात उडी घेतली आणि आंदोलनाला राजकीय बळ आले, राजकीय भरती-ओहोटीही आली. २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाखांचे वाढीव पॅकेज जाहीर झाल्यावर जमीनमालकांपैकी बहुतेकांनी पैसे घेतले. मच्छीमारांना घेण्यासारखे काही नव्हते, कारण त्यांची जमीन गेली नव्हती. त्यांचा समुद्र जाणार होता, आणि समुद्राचा सातबारा नसतो. थंडाव्यासाठी घेतलेले अफाट पाणी तापून परत समुद्रात सोडले जाईल, किनाऱ्यालगत सुरक्षेचे पहारे बसतील, मग मासळी कुठे आणि जाळे टाकायचे कुठे, हा त्यांचा सवाल. त्याला मोबदल्याच्या तक्त्यात रकाना नव्हता.

आज सड्याभोवती कुंपण आहे, आत भट्टी नाही. ज्या फ्रेंच कंपनीशी बोलणी सुरू झाली तिचा अणुभट्ट्यांचा धंदा दुसऱ्या फ्रेंच सरकारी कंपनीकडे गेला, तिने २०२१ मध्ये नवा प्रस्ताव दिला, आणि किंमत व जबाबदारी यांवर घोडे अडले ते अडलेच. आंदोलनाने प्रकल्प थांबवला असे म्हणतात. ते अर्धेच खरे. उरलेले काम पैशाने केले.

तारापूर : शेजारची आठवण

नाशिककराला अणुऊर्जा लांबची वाटते. नकाशावर पट्टी ठेवली तर तारापूर आपल्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे आणि गुजरातेतले काकरापार दीडशेच्या आत. सुरगाण्याहून तर ते आणखी जवळ. म्हणजे आपण दोन अणुकेंद्रांच्या शेजारी राहतो आणि आपल्याला त्याची खबर नसते.

तारापूरचे पहिले दोन अमेरिकी संच १९६९ मध्ये सुरू झाले. देशातली अणुवीज तिथून सुरू होते. २००५-०६ मध्ये ५४० मेगावॉटचे दोन भारतीय बनावटीचे संच जोडले गेले आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. अर्ध्या शतकात तारापूरला चेर्नोबिल झाले नाही, हे खरे. आणि उठवलेल्या गावांचे पुनर्वसनाचे गाऱ्हाणे संपले नाही, हेही तितकेच खरे. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले अभियंता प्रदीप इंदुलकर यांनी 'हाय पॉवर' या माहितीपटात हीच माणसे कॅमेऱ्यासमोर आणली. २०१३ मध्ये रिओच्या युरेनियम चित्रपट महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. कोकणातून माणसे तारापूर पाहून गेली ती किरणोत्साराचे तक्ते घेऊन नव्हे, या गावांच्या कहाण्या घेऊन.

काकरापारला ११ मार्च २०१६ रोजी, फुकुशिमाच्या बरोबर पाचव्या वर्षदिनी, पहिल्या संचात जड पाण्याची गळती झाली. संच सुरक्षितपणे बंद झाला. त्याच आवारात आता ७०० मेगावॉटचे दोन संपूर्ण स्वदेशी संच चालतात; पैकी शेवटचा २०२४ मध्ये व्यावसायिक तत्त्वावर सुरू झाला. भारतीय अणुशास्त्राची ही खरीखुरी कमाई आहे. तिथून जवळच वेडछीला गांधीवादी विचारांचे डॉ. सुरेंद्र गाडेकर आणि डॉ. संघमित्रा गाडेकर यांनी 'अणुमुक्ती' हे नियतकालिक चालवले आणि राजस्थानातल्या रावतभाटा केंद्राजवळच्या गावांत घरोघर जाऊन आरोग्याची पाहणी केली. विरोध म्हणजे फक्त घोषणा नव्हेत, वह्या-पेन्सिली घेऊन केलेले कामही असते, याचा हा आपल्या शेजारचा दाखला.

अणूच्या बाजूने, नीट ऐकून

अणुऊर्जेची बाजू मांडणाऱ्यांना आपल्याकडच्या चळवळी बहुधा कंपन्यांचे दलाल समजतात. हे सोपे आहे आणि चुकीचे. हवामानबदलाचा इशारा अमेरिकी संसदेत १९८८ साली देणारे जेम्स हॅन्सन यांनी २०१३ मध्ये आणखी तीन हवामानशास्त्रज्ञांसह पर्यावरणवाद्यांना उघड पत्र लिहिले : तुम्ही अणुऊर्जेला विरोध करत राहिलात, तर तापमानवाढ रोखणे फार कठीण होईल. आपल्याकडे अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर वर्षानुवर्षे याच अंगाने मांडणी करत आले आहेत.

त्यांच्या बाजूचे आकडे दमदार आहेत. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाने, आयपीसीसीने, २०१४ मध्ये खाणीपासून भंगारापर्यंतचा सगळा हिशेब मांडला. त्यात कोळशाच्या एका युनिटमागे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन, मोठ्या सौर प्रकल्पात ४८, अणुऊर्जेत १२. इंधनाचे सांगायचे तर आपल्या जड पाण्याच्या भट्टीत एक टन नैसर्गिक युरेनियम साधारण पाच कोटी युनिट वीज देते. तेवढ्यासाठी एकलहऱ्याला आठ-नऊ मालगाड्या कोळसा लागेल. जमिनीचे पाहा. जैतापूर पूर्ण क्षमतेच्या ८५ टक्क्यांनी चालले असते तर वर्षाला सात हजार कोटींहून जास्त युनिट मिळाले असते. तितकी वीज सूर्यापासून घ्यायची तर ४० हजार मेगावॉटच्या आसपास सौरपट्ट्या आणि मेगावॉटला चार-पाच एकर धरून दीड-दोन लाख एकर जमीन लागेल. जैतापूरची जमीन तेवीसशे एकरांच्या आसपास. सौर प्रकल्पांसाठी माळराने आणि गायराने घेतली जाऊ लागली की मेंढपाळ आणि भूमिहीन यांचे काय होते, हा प्रश्न पुढची चळवळ विचारणारच आहे.

म्हणून अणुऊर्जा म्हणजे मृत्यू, एवढ्या एका वाक्यावर विरोध उभा राहत नाही. कोळशाच्या धुराने आणि राखेने होणारे मरण हप्त्याहप्त्याने येते. त्याची बातमी होत नाही, म्हणून ते कमी ठरत नाही. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या तेव्हा त्यांची कोळसा केंद्रे चालूच होती. कार्बनचाच हिशेब धरला तर हा क्रम उलटा हवा होता.

घड्याळ, पैसा आणि जबाबदारी

अणुऊर्जेचे खरे दुखणे किरणांपेक्षा कॅलेंडरमध्ये आहे. जैतापूरसाठी निवडलेल्या जातीची फ्रान्समधली पहिली भट्टी फ्लामांव्हिलला २००७ मध्ये बांधायला घेतली. पाच वर्षांत, ३३० कोटी युरोत व्हायची होती. ती विजेच्या जाळ्याला जोडली गेली २१ डिसेंबर २०२४ ला, आणि खर्च चौपट झाला. फिनलंडमधली तिची बहीण २००५ ला सुरू होऊन २०२३ ला नियमित वीज देऊ लागली. हवामानबदलाला उत्तर म्हणून ज्या भट्ट्या मागवायच्या, त्या येईपर्यंत हवामान थांबून राहत नाही. जैतापूरच्या सड्यावर भट्टी उभी राहिली नाही तेवढ्या काळात देशातली सौरवीज नगण्य होती ती जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली आणि तिचा दर युनिटला अडीच-तीन रुपयांवर आला. रात्रीसाठी साठवण लागते, हे खरे. पण मागणी कमी असताना पाणी वर चढवून ती वाढली की खाली सोडणारे २५० मेगावॉटचे घाटघर केंद्र आपल्याच सह्याद्रीत २००८ पासून काम करते आहे.

दुसरे दुखणे जबाबदारीचे. भोपाळचा अनुभव गाठीशी असल्यामुळे २०१० च्या कायद्यात, सदोष सामान पुरवणाऱ्याकडे भरपाई मागण्याचा हक्क चालवणाऱ्या कंपनीला दिला होता. परदेशी पुरवठादार त्यावरच अडून बसले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' या नावाचा नवा कायदा केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा त्याने मोडीत काढला, खासगी कंपन्यांना दार उघडले आणि पुरवठादाराची ती जबाबदारी कराराच्या मर्जीवर सोडली. २०४७ पर्यंत एक लाख मेगावॉट अणुऊर्जा, हे २०२५ च्या अर्थसंकल्पातले लक्ष्य. आज देशात आहे ती नऊ हजार मेगावॉटच्या घरात आणि एकूण विजेतला तिचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. भट्टी खरोखर इतकी सुरक्षित असेल, तर ती बनवणारा जामीन राहायला का कचरतो? हा प्रश्न नाट्यातल्या मच्छीमाराला विचारता येतो, त्याला अणुशास्त्र शिकावे लागत नाही.

तिसरे दुखणे कचऱ्याचे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांतले वापरलेले इंधन अमेरिकेशी झालेल्या करारांच्या गुंत्यामुळे तिथेच साठून आहे. उरलेल्या इंधनावर आपण पुन्हा प्रक्रिया करतो आणि उरतो तो घातक भाग काचेत गोठवतो. पण हजारो वर्षांसाठी तो जमिनीखाली खोल पुरून ठेवायची जागा फिनलंडने बांधली, तशी आपण अजून निवडलेलीही नाही. ज्या दिवशी ती निवडली जाईल, त्या दिवशी आणखी एक माडबन उभे राहील.

एकलहऱ्यात अणुभट्टी?

आता हा वाद नाशिकच्या दारात कसा येतो ते पाहा. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीने, म्हणजे एकलहरे चालवणाऱ्या कंपनीनेच, रशियाच्या सरकारी अणुकंपनी रोसाटॉमशी थोरियमवर चालणाऱ्या लहान अणुभट्टीच्या विकासासाठी सामंजस्य करार केला. निवृत्त होणाऱ्या औष्णिक केंद्रांच्या जागी लहान अणुभट्ट्या बसवाव्यात, कारण तिथे जमीन, पाणी, रेल्वे आणि वीजवाहिन्या तयार आहेत, ही कल्पना दिल्लीत चर्चेत आहे. एकलहऱ्यात हे चारही आहे. पण अणुऊर्जा नियामक मंडळाचे जागानिवडीचे जुने निकष सांगतात, की दहा किलोमीटरच्या आत दहा हजारांहून मोठी वस्ती नसावी आणि तीस किलोमीटरच्या आत लाखाची वस्ती नसावी. एकलहऱ्यापासून नाशिकरोड दहा किलोमीटरच्या आत आहे आणि नाशिक शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच पंधरा लाखांच्या उंबरठ्यावर होती. लहान भट्ट्यांसाठी हे अंतर कमी करता येईल, असे त्यांचे पुरस्कर्ते म्हणतात. तो निकष बदलायला निघाले की नाशिककर काय म्हणतील, हे वेगळे सांगायला नको.

सुरक्षेच्या दृष्टीने निकष बरोबरच आहे : धोका विरळ वस्तीत ठेवावा. पण विरळ वस्तीची मतेही विरळ, वकील विरळ, वार्ताहर विरळ. धोक्याची जागा निवडण्याचे शास्त्र आणि ज्याला कोणी विचारत नाही अशी जागा निवडण्याची राजकीय सोय, या दोन्हींचे बोट नकाशावर एकाच ठिकाणी टेकते. म्हणून तारापूर, म्हणून माडबन. अणुऊर्जेच्या विरोधाची मुळे किरणोत्साराच्या भीतीपेक्षा या योगायोगात जास्त खोल गेलेली आहेत. राजापूरच्याच तालुक्यात नाणारचा आणि मग बारसूचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आला, तेव्हा लोक पुन्हा सड्यावर बसले. तिथे अणू नव्हता. विचारल्याशिवाय ठरवण्याची रीत मात्र तीच होती.

आपल्या कायद्यानेही विचारणे आणि ठरवणे यांतली फट रुंदावली आहे. पर्यावरणीय आघाताच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते ती प्रकल्पाच्या जागी, जवळच्या बाधितांची. एकलहऱ्याला नवा संच आला तर सुनावणीत नोकरीवर बोलता येईल, राखेवर बोलता येईल. पण तासाला सहाशे टन कार्बन डायऑक्साइडने बिघडणाऱ्या हवामानाचा बाधित कोण? निफाडचा द्राक्ष बागायतदार तिथे बाधित धरला जात नाही. उलट बाजूने, जैतापूर झाले नाही म्हणून जो कोळसा जळत राहिला, त्याचा फटका बसलेलाही कोणत्याच सुनावणीत नसतो. मच्छीमाराचे नुकसान आणि बागायतदाराचे नुकसान एका टेबलावर कधी येतच नाही, आणि मग एकाची गरज दाखवून दुसऱ्याला गप्प करायला सरकार मोकळे राहते.

नाशिकची पर्यावरण चळवळ अशक्त नाही. गोदावरीच्या प्रदूषणावर इथल्या लोकांनी २०१२ मध्ये उच्च न्यायालयात याचिका नेली आणि ती चिकाटीने लढवली. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्याची चाहूल लागताच शहर रस्त्यावर आले. पण नदी आणि झाडे यांच्यासाठी उभे राहणारे हे शहर आपल्या विजेबद्दल गप्प असते. ती कुठून यावी, कोणाच्या जमिनीवर बनावी, तिचा धूर किंवा कचरा कोणी सांभाळावा, यावर नाशिकचे म्हणणे काय, हे नाशिकलाच ठाऊक नाही.

ते ठरवायची संधी एकलहऱ्याच्या निमित्ताने समोर आहे. संचांचे आयुष्य संपत आले आहे आणि त्या जागेवर पुढची पन्नास वर्षे काय व्हावे, हा निर्णय कुठल्या तरी बंद खोलीत होणारच आहे. तो होण्याआधी जिल्ह्याने तीन-चार साधी उत्तरे लेखी मागावीत. नवा कोळसा संच आला तर मेरिट ऑर्डरमध्ये तो कितव्या नंबरावर बसेल, की सिन्नरसारखा उभा राहून थंड पडेल? त्याऐवजी सौरवीज साठवणारी केंद्रे आली तर आजच्या कंत्राटी कामगारांपैकी किती जणांना, कोणते प्रशिक्षण देऊन, कोणत्या पगारावर घेणार? लहान अणुभट्टीचा विचार असेल तर तिची किंमत, मुदत आणि अपघाताची जबाबदारी कोणाच्या सहीने राहील? आणि या सुनावणीत एकलहऱ्याच्या प्रकल्पग्रस्ताशेजारी निफाडच्या बागायतदाराला खुर्ची मिळेल का?

अणुऊर्जा हवी की नको, याचे एकच उत्तर साऱ्या देशाला लागू पडणार नाही. चालू असलेल्या सुरक्षित भट्ट्या घाबरून बंद करणे हा कार्बनच्या दृष्टीने तोटा आहे. अवाढव्य आयात भट्ट्यांवर भिस्त ठेवून बसणे हा पैशाच्या आणि वेळेच्या दृष्टीने जुगार आहे. पण या दोन्ही वाक्यांना खरे वजन येते ते जमिनीवरच्या माणसाला आधी विचारल्यावर. हवामानबदलाचे कारण सांगून त्याला गप्प करता येणार नाही. गारपिटीचा पंचनामा ज्याच्या बांधावर होतो, त्याला वातावरण बिघडल्याचे शिकवायला दिल्लीहून कोणी यायची गरज नाही. त्याला फक्त निर्णयाच्या टेबलावर जागा हवी. ती मिळेपर्यंत एकलहरे कोळसा मागत राहील आणि माडबन अणू नाकारत राहील, आणि दोघेही आपापल्या हिशेबाने बरोबरच असतील.